माणिकचा रंग

“काका, एवढी काळी ठेवू?”

लॅबमधल्या माणसाने अगदी सरळपणाने विचारलं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. काउंटरवर त्याने दोन प्रिंट शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. दोन्हींत आमची माणिक गोरी दिसत होती. दुसरीत पहिलीपेक्षा जरा कमी, एवढंच.

“तिसऱ्यांदा सांगतोय,” हे म्हणाले. “उजळ करू नका. फाइलमध्ये आहे तशी काढा.”

“मी काही केलंच नाही. मशीन आपोआप करतं थोडं. आणि खरं सांगू का, लोकच मागे लागतात, उजळ करा म्हणून. तुम्ही स्वतः स्टुडिओवाले, तुम्हाला मी काय शिकवायचं?”

यांनी सीडी परत मागून घेतली, माझ्या पिशवीत टाकली आणि पायऱ्या उतरले. रस्त्यावर ऊन नुसतं भाजत होतं. दहा पावलं गेल्यावर म्हणाले, “सिंधू, कपाटावरचा प्रिंटर खाली काढायचा.”

“तो? तीन वर्षं पडून आहे तो.”

“म्हणूनच म्हटलं काढायचा. आपोआप नाही चालणार.”

२००७ सालचा एप्रिल होता. बार्शीत तेव्हा दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसायचं नाही. आमची एकुलती एक मुलगी माणिक जानेवारीत काविळीने गेली होती, लातूरला, सासरी. बेचाळीस वर्षांची होती. तिच्या मागे तिची मुलगी रेवती, चौदा वर्षांची. जावईबापूंनी रेवतीला नागपूरला आत्याकडे कायमचं ठेवायचं ठरवलं होतं. सोमवारची गाडी होती. त्याआधी रविवारी एक दिवस ती आमच्याकडे येऊन जाणार होती. फोनवर तिने आजोबांकडे एकच मागणं मागितलं होतं.

“आजोबा, मला आईचा फोटो पाहिजे. आई जशी होती तसा. घरी लावलाय तो नको.”

घरी लावलेला फोटो कुठला, ते आम्हाला ठाऊक होतं. तेराव्याला लातूरला गेलो तेव्हा समोरच्या भिंतीवर तोच होता, चंदनाचा हार घातलेला. लग्न ठरवायच्या वेळी काढलेला काळा-पांढरा उभा फोटो. चेहरा दुधासारखा गोरा. खाली कोपऱ्यात शिक्का : नाझरे फोटो स्टुडिओ, बार्शी. रेवती माझ्या कानाशी येऊन म्हणाली होती, “आजी, ही बाई माझी आई नाही.”

तिच्याजवळ दुसरा फोटो नव्हता, कारण त्या एका फोटोनंतर माणिक कॅमेऱ्यासमोर उभीच राहिली नव्हती. कुणी कॅमेरा काढला की ही स्वयंपाकघरात. बारशाच्या, मुंजीच्या फोटोंत शोधली तर तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धा कान आणि पदर. एकोणीस वर्षांत एवढंच.

फक्त एक होता. २००३ च्या दिवाळीत ती दोन दिवस माहेरी आली होती. यांनी नवाच डिजिटल कॅमेरा घेतलेला. न्हाऊन केस मोकळे सोडून ती मागच्या पायरीवर बसली होती, आणि रेवतीने काहीतरी नक्कल केली म्हणून मान मागे टाकून हसली. यांनी खिडकीच्या गजांतून तेवढा क्षण टिपला. तिला कळू दिलं नाही, मलाही सांगितलं नाही. ती गेल्यानंतर महिन्याभराने एकदा कॉम्प्युटर लावून मला समोर बसवलं. माझी माणिक, सावळी नव्हे, चांगली काळी, नाकावर घाम, सगळे दात दिसताहेत. मी पडद्याला हात लावला तर हे म्हणाले, “बोटाचे डाग पडतील,” आणि उठून बाहेर गेले.

बुधवारी दुपारी आम्ही दोघांनी मिळून प्रिंटर उतरवला. मी जुन्या पडद्याचं आवरण शिवलं होतं त्याला. ते झटकलं तर खोलीभर धूळ. हे तेव्हा एकाहत्तर वर्षांचे. स्टुलावर उभे राहिले की मी त्यांच्या धोतराचा सोगा धरून ठेवायची. स्टुडिओ बंद केल्यावर सगळं विकलं; मोठा कॅमेरा, दिवे, मागचा रंगवलेला पडदा, त्यातलं राजहंसांचं तळं. हा प्रिंटर तेवढा कुणी घेतला नाही. पासपोर्ट फोटोसाठी घेतलेला, चार रंगांचा.

बटण दाबल्यावर तो घशात काही अडकल्यासारखा घरघरला. शाईचं डोकं इकडून तिकडे गेलं, परत आलं, थांबलं. मग एक कागद बाहेर आला. त्यावर चारही रंगांच्या बारीक रेघांची जाळी उमटायला हवी होती, म्हणजे सगळी भोकं मोकळी आहेत असं समजायचं. कागद जवळजवळ कोरा होता. एका कोपऱ्यात पिवळ्याच्या सहा-सात रेघा, त्याही तुटक.

“मेला की काय?” मी म्हणाले.

“पिवळा आहे ना,” हे म्हणाले. “एक जण जिवंत आहे.”

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाले गुंड आले. बाजारपेठेत त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. प्रिंटर त्यांच्याकडूनच घेतलेला. जाड माणूस, खुर्चीत बसला की खुर्ची बोलायची. त्यांनी झाकण उघडलं, टॉर्च मारला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“नाझरेकाका, हा प्रिंटर नाही, ममी आहे. शाई वाळून खडा झालीय आत. कशाला जिवाला त्रास? नवा घ्या की.”

“नवा माझ्या कॉम्प्युटरला चालेल?”

“कॉम्प्युटर पण नवा घ्या.”

“रविवारपर्यंत?”

“रविवारपर्यंत कसा? सोलापूरहून मागवायचा, आठवडा जाणार. लॅबमधून का नाही काढत?”

“लॅबवाले तिला गोरी करतात,” मी म्हणाले.

गुंडांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या माणिककडे. लग्नाआधी माणिक त्यांच्या बहिणीच्या वर्गात होती. मग खुर्चीतून पुढे वाकून म्हणाले, “बरं, ऐका. बॅटरीत घालायचं पाणी आणा, नळाचं नको, त्याने आणखी क्षार धरतील. कोमट करायचं. टिश्यू पेपरची घडी त्यात भिजवून डोक्याखाली सरकवायची आणि दोन-तीन तास तसंच ठेवायचं. खडा हळूहळू विरघळतो. एवढं करून बघा. पण एक सांगून ठेवतो, मशीनमध्ये ते साफ करायचं बटण आहे ना, ते सारखं दाबू नका. दर वेळी ते चारही रंगांतली शाई ओढून खाली टाकतं. साफ व्हायच्या आधी टाकी रिकामी.”

“शाई मिळेल तुमच्याकडे?”

“काळी मिळेल. लाल, पिवळी आहे थोडी. निळी...” त्यांनी ओठ बाहेर काढले. “या मॉडेलची आता येतच नाही. एक बाटली आहे, तळाला असेल दोन बोटं. पाठवून देतो. सुईने भरा. मशीनला मात्र कळायचं नाही किती आहे ते. ते आपलं टाकी भरलेलीच दाखवणार.”

जाताना दारात थांबून मला म्हणाले, “वहिनी, फार आशा ठेवू नका.”

“आशा यांना आहे,” मी म्हणाले. “मी नुसतं पाणी गरम करते.”

आणि मी तेच केलं. गुरुवार आणि शुक्रवार, दोन दिवस मी पातेल्यात पाणी कोमट करत होते आणि हे चिमट्याने टिश्यूच्या घड्या सरकवत होते. घडी बाहेर काढली की तिच्यावर रंग उतरलेला असायचा. आधी काळा, मग गुरुवारी संध्याकाळी लाल. यांना आनंद व्हायचा. घडी उजेडात धरून मला दाखवायचे, “बघ, सुटतोय.” डार्करूममध्ये ट्रे हलवून हलवून कागदावर माणूस उमटायची वाट बघण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. वाट बघण्याचं त्यांना काही वाटायचं नाही.

शुक्रवारी दुपारी जाळीत तीन रंग पुरे आले. काळा, लाल, पिवळा. निळ्याच्या जागी पांढरा पट्टा.

“तीन आलेत तर काढून बघू या का एक?” मी म्हणाले.

यांनी छोट्या कागदावर फोटो काढला. इंच इंच करत माणिक बाहेर आली. केस तांबूस, साडी नारिंगी आणि चेहरा गोरापान, गाल गुलाबी, जणू कुणी कोकणस्थाची सून.

आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत राहिलो.

“निळा नसला की कुणीही गोरं होतं,” हे म्हणाले. मग कागदाच्या चार घड्या केल्या आणि खिशात ठेवल्या. “मला वीस वर्षांपूर्वी हे माहीत असतं तर पेन्सिल झिजवावी लागली नसती.”

ते असं बोलले की मला उठून आत जावंसं वाटायचं. त्या दिवशीही मी गेले.

पेन्सिलीचं सांगायला हवं. त्या काळी निगेटिव्हवर काम करायचे. निगेटिव्हमध्ये चेहरा उलटा असतो, गोरा तो काळा आणि काळा तो गोरा. त्यावर टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक टिंबं देत गेलं की छापताना तेवढा भाग उजळ येतो. देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची वर्तुळं, सगळं यांची पेन्सिल खाऊन टाकायची. जिल्ह्यातून लोक यायचे त्यांच्याकडे, लग्नाच्या मुलींचे फोटो काढायला. गावात म्हणायचे, नाझऱ्यांकडे फोटो काढला की स्थळ पक्कं.

माणिकचाही तसाच केला, १९८७ साली. लातूरच्या मंडळींना फोटो पसंत पडला आणि मुलीला बघायला सगळे जीपभर नातेवाईक घेऊन आले. माणिक पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. तिच्या होणाऱ्या सासूने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या फोटोकडे, मग यांच्याकडे. म्हणाली, “फोटोतली मुलगी कुठाय? ही कोण?”

मुलाने हो म्हटलं म्हणून लग्न झालं. मुलगा भला होता. पण त्या घरात सासूचं तोंड कोण धरणार? पाहुणे आले की सांगायची, “आमची फोटोतली सून अजून यायचीय. तोवर ही आहे.” एकोणीस वर्षं हे एकच वाक्य माणिकने ऐकलं. ती सासूवर चिडली नाही, नवऱ्यावर चिडली नाही. चिडली ती बापावर. “पोटची मुलगी तुम्हाला आहे तशी दाखवायची लाज वाटली,” एवढं एकदा बोलली, लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला, आणि मग त्यांच्याशी बोलणं म्हणजे हो आणि नाही. आली की माझ्याशी बोलायची, माझ्याजवळ निजायची, माझ्या केसांना तेल लावून द्यायची. हे बाहेरच्या खोलीत बसून आमचं हसणं ऐकायचे.

शनिवारी चार वाजता निळा सुटला.

यांनी हाक मारली ती इतकी मोठ्याने की मी हातातलं पीठ तसंच घेऊन आले. टिश्यूच्या घडीवर आभाळाच्या रंगाचा डाग होता, रुपयाएवढा. गुंडांकडची निळी बाटली सुईने आत भरली होती, साफ करायचं बटण दोनदाच दाबलं होतं आणि जाळी पुरी उमटली. चारही रंग. एक रेघ तुटलेली नाही.

“काढा आता लगेच,” मी म्हणाले. “मोठा कागद लावा आणि काढा.”

“असा कसा काढू? पट्टी बघायला नको?”

पट्टी म्हणजे काय ते फोटोवाल्यांच्या घरात राहिलेल्यालाच कळेल. डार्करूममध्ये अख्खा कागद वाया जाऊ नये म्हणून आधी बोटभर रुंदीचा तुकडा छापून बघायचा. कमी पडलं तर वाढवायचं, जास्त झालं तर कमी करायचं, मग दुसरा तुकडा, मग तिसरा. मनासारखा झाला की मगच मोठा कागद. पन्नास वर्षांची ती सवय. कागद वाचवायची सवय. तिथे महाग होता तो कागद. इथे काय महाग आहे ते दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

कपाळापासून गालापर्यंतची एक पट्टी त्यांनी काढली. पडद्यावर ठीक दिसत होतं, कागदावर हिरवट आलं. दुसरी काढली, ती फार लाल. तिसरी काळपट, जीव नसल्यासारखी.

“इकडे ये,” हे म्हणाले. “हात दे तुझा.”

“कशाला?”

“दे तर.”

त्यांनी माझा हात खिडकीच्या उजेडात धरला आणि मनगटाच्या वर, बांगड्या मागे सारून, पट्टी ठेवली. माणिकने माझाच रंग घेतला होता. डोळे यांचे, रंग माझा. शेजारणी म्हणायच्या, आईच्या साच्यातून काढलीय.

“तुझ्यात जरा तांबूस आहे,” हे म्हणाले. “तिच्यात कमी होता. ती जास्त... जांभळाच्या बाजूला होती. नाही का?”

“गालावर. कपाळावर माझ्यासारखीच.”

“बरोबर. गालावर.”

चौथी पट्टी, पाचवी, सहावी. दर पट्टी माझ्या हातावर. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात यांनी माझा हात इतका वेळ कधी धरला नव्हता. माझा रंग त्यांनी इतका निरखून कधी पाहिला असेल तर माहीत नाही. नऊ झाल्या, दहा झाल्या. अकरावी पट्टी ठेवली तेव्हा माझा हात कुठे संपतो आणि कागद कुठे सुरू होतो ते कळेना.

“हीच,” मी म्हणाले.

“हीच,” हे म्हणाले. पण उजेड उतरला होता. ट्यूबखाली रंग खोटे दिसतात, यांचं ठाम मत होतं. “सकाळच्या उजेडात काढू. दहाला तिची गाडी येते. आठला काढला तरी वाळेल.”

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, आत्ताच काढा. मी म्हणाले नाही. आम्हा दोघांना वाटलं, झालं.

रविवारी सकाळी न्हाऊन, गंध लावून हे कॉम्प्युटरपुढे बसले. जाळी पाहिली, नीट होती. आणखी एक पट्टी काढली, उजेडात पाहण्यासाठी. तीही नीट होती. मग चांगला जाड, चकचकीत कागद लावला. तो एकच उरला होता.

प्रिंटरचं डोकं इकडून तिकडे जाऊ लागलं. आधी मागची भिंत आली. मग केस, ओले, काळेभोर. मग कपाळ. मी पदर तोंडाला लावला. कपाळ तिचंच होतं, न्हाल्यावर तेलकट चकाकायचं तसं. भुवया आल्या. डोळे आले, हसून बारीक झालेले.

“आली,” हे म्हणाले.

नाकाच्या मध्यावर काहीतरी झालं. मला आधी वाटलं उजेड पडलाय. नाकाचा शेंडा जरा तांबूस आला. ओठ लाल आले. हनुवटी गुलाबी. गळा गोरा. प्रिंटर एका लयीत इकडून तिकडे जात राहिला आणि माझी मुलगी माझ्या डोळ्यांसमोर नाकापासून खाली गोरी होत गेली.

“थांबवा! बंद करा ते!”

“बंद करून काय होणार,” हे म्हणाले. “निळा संपला.”

यांनी टाकी बाहेर काढून उजेडात धरली. आतला स्पंज कोरडा. बारा पट्ट्यांमध्ये शाई गेली होती.

गुंडांकडे फोन केला. म्हणाले, “काका, तळाला होती तेवढी दिली तुम्हाला. आता अख्ख्या जिल्ह्यात नसेल. तुम्ही पट्ट्या कशाला काढत बसलात?”

साडेनऊ झाले होते. मी म्हणाले, “अहो, तुमचे ब्रश आहेत की पेटीत. जलरंग आहेत. खालचं भरून टाका. तुम्हाला काय अवघड आहे? कुणाला कळणारसुद्धा नाही.”

त्यांनी मान हलवली.

“अहो, पोर येईल आता.”

“नाही सिंधू. तिच्या तोंडाला आता हात नाही लावायचा मी. एकदा लावला तेवढा पुरे.”

रेवती आली ती उन्हाने लाल झालेली, पाठीवर सॅक. उंच झाली होती. पाया पडली, पाणी प्यायली आणि मग विचारलंच.

“आजोबा, फोटो?”

यांनी टेबलाकडे बोट केलं. ती गेली, उचलला. मी तिच्या पाठीमागे उभी होते. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते. खांदे एकदम सैल झाले. “आई,” ती म्हणाली. फोटोशीच म्हणाली. अंगठा कपाळावरून फिरवला. मग तो अंगठा खाली आला आणि थांबला.

“हे काय?”

“शाई संपली गं,” हे म्हणाले. “निळी. मध्येच संपली.”

“वरती नाही संपली. तोंडावरच संपली?”

“छापताना वरून खाली येतं ना. नाकापर्यंत आलं आणि...”

ती वळली. चौदा वर्षांची पोर, पण नजर अगदी तिच्या आईची, त्या पंचमीची.

“आजोबा, परत?”

“नाही बाळ, मी काही केलं नाही. लॅबवाल्याचं मशीन आपोआप गोरं करतं म्हणून घरी काढला, तर इथली शाई...”

“लॅबवाले म्हणतात मशीन करतं, तुम्ही म्हणता शाईने केलं. कुणीच कधी काही करत नाही.” तिचा आवाज फाटला. “मी एवढंच मागितलं होतं. आईसारखी आई. एवढंच.”

हे बोटांना लागलेली निळी शाई धोतराला पुसत राहिले. त्यांनी पट्ट्या दाखवायला हव्या होत्या. बारा पट्ट्या टेबलाच्या खणात होत्या. पण त्यांना ते सुचलं नाही. की सुचलं आणि दाखवल्या नाहीत, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांना जाऊनही आता बारा वर्षं झाली.

रेवती माझ्याकडे आली आणि माझ्या गळ्यात पडली. रडत होती.

“आजी, तू तरी अडवायचंस त्यांना. आई नेहमी सांगायची, त्या फोटोच्या वेळी आजीचं चाललं असतं ना, तर आजीने तसं होऊच दिलं नसतं. आजी स्वतः माझ्यासारखी काळी, तिला कसं चालेल? पण आजोबांपुढे तिचं काही चालत नाही, म्हणायची.”

हे माझ्याकडे बघत होते. फक्त एकदा बघितलं. मग खाली वाकले आणि प्रिंटरची वायर गुंडाळायला लागले.

१९८७ साली यांनी माणिकचा फोटो काढला तो आहे तसाच काढला होता. चांगला काढला होता. तीन ठिकाणी पाठवला, तिन्ही ठिकाणांहून परत आला. चौथा लातूरला जायचा होता. मी तो पाकिटातून काढून यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, असा नाही पाठवायचा. हे म्हणाले, मुलगी आहे तशी आहे. मी म्हणाले, मला सात जणांनी नाकारलं होतं, तुम्ही आठवे. माझ्या मुलीचं तसं व्हायला नको. हे नाही म्हणाले. मी तीन दिवस जेवले नाही. चौथ्या दिवशी त्यांनी निगेटिव्ह काढलं, काचेवर ठेवलं, पेन्सिलीला टोक केलं. मी शेजारी उभी होते. ते थांबले की मी म्हणायची, अजून थोडं. ते पुन्हा थांबले. मी म्हणाले, अजून थोडं.

माणिकने त्या पंचमीला त्यांना ते वाक्य ऐकवलं तेव्हा मी तिथेच होते, चुलीपाशी. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. काही बोलले नाहीत. रात्री मला म्हणाले, “तुझ्याजवळ बोलतेय ना, बोलू दे. दोघांवर कशाला रागवायला हवं तिने?” आणि मी ते मान्य केलं. एक वर्ष नाही, एकोणीस वर्षं.

रेवती माझ्या खांद्यावर रडत होती. तिचे केस तेलकट, उन्हाचा वास असलेले. माझ्या घशाशी शब्द आले होते. तीनच शब्द होते, मीच करायला लावलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“चल,” मी म्हणाले, “पोळ्या गरम आहेत तोवर जेवून घे.”

ती जेवली. चारच्या गाडीने गेली. फोटो टेबलावर होता तिथेच राहिला. मी म्हटलं, “फोटो घेतेस ना?” तर म्हणाली, “राहू दे आजी. तू ठेव.” आजोबांच्या पाया पडली, पण वर बघितलं नाही.

स्टँडवरून परत आलो. हे खुर्चीत बसले. प्रिंटरवर आवरण घातलेलं होतं. मी पाणी आणून दिलं आणि तिथेच खाली बसले.

“सांगायला हवं होतं मी,” मी म्हणाले.

यांनी भांडं रिकामं करून माझ्या हातात दिलं.

“कुणाला?” हे म्हणाले. “जिला सांगायचं होतं ती जानेवारीतच गेली.”